पाइपचे चार तुकडे

पोलीस स्टेशन, जिंडाबाइन, न्यू साउथ वेल्स.
मंगळवार, दि. २१ ऑगस्ट १९८४. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी सुरू.
नोंदवणारे अधिकारी : सार्जंट हॅलोरन. दुभाषी व लेखनिक : श्रीमती चित्रा दळवी, कॅनबरा.

मी, सिप्रियन पास्कोल तुस्कानो, वय ४७ वर्षे, धंदा फिटर (बस वर्कशॉप, पॅरामॅटा), सध्या राहणार क्वेकर्स हिल, सिडनी, मूळ राहणार नंदाखाल, तालुका वसई, समक्ष हजर राहून जबाब लिहून देतो की,

मला इंग्रजी येतं. अकरा वर्षं या देशात कामाला आहे, रोज बोलतो. पण काल सकाळी याच टेबलावर मी इंग्रजीत बोललो, तर कागदावर 'मे बी' आणि 'आय थिंक' असले शब्द पडले. मी 'मे बी' म्हणणारा माणूस नाही. म्हणून आज मराठी बाई मागवल्या. माझे थोरले भाऊ वसईत हवालदार होते, जबाब कसा असतो ते मी लहानपणापासून ऐकलेलं आहे. चित्राबाईंना मी सांगितलं आहे की मी बोलेन तसंच उतरवा, गुळगुळीत करू नका.

मी वरील पत्त्यावर पत्नी फिलोमिना आणि मुलगी नॅन्सी यांच्यासह राहतो. नॅन्सीचं वय १९, युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला दुसरं मूल नाही.

श्रीनिवास उपासनी या इसमाला मी सहा वर्षं ओळखतो. ते मूळ पुण्याचे, राहणार कॅसल हिल, युनीत इंजिनीअरिंग शिकवतात. सिडनीतल्या मराठी मंडळींच्या पिकनिकला ओळख झाली. गेली तीन वर्षं ते इथल्या डोंगरावरच्या स्नोगम लॉज या क्लबचं मेंटेनन्स पाहतात. मेंटेनन्स पाहतात म्हणजे लांबून पाहतात. स्पॅनर हातात धरलेला मी त्यांना एकदाही बघितलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बाई, हे पण लिहा.

ऑगस्टच्या सुट्टीत नॅन्सीला लॉजच्या किचनमध्ये तीन आठवड्यांचं काम मिळालं. ते उपासनींनी मिळवून दिलं. त्यासाठी मी त्यांचे आभार मानले होते.

लॉजकडे माणसं आणि सामान न्यायला एक स्नोमोबाइल आहे. पुढे दोन लोखंडी स्की, मागे पट्टा, स्कूटरसारखं हँडल. ही मशीन डार्ट मारते अशी तक्रार होती. म्हणजे असं की, वाटेवरचा बर्फ इतर मशीन जाऊन जाऊन दगडासारखा होतो, त्यात चाकोऱ्या पडतात. स्कीच्या पोटाला मधोमध एकच लोखंडी पट्टी असते, तिला रनर म्हणतात. तो रनर चाकोरीत पडला की मशीन चाकोरी नेईल तिकडे जाते. आपण हँडल उजवीकडे धरलं तरी ती डावीकडे झटका मारते, आणि एका झटक्यात चालवणाऱ्याचं मनगट दुखावतं. यावर उपाय म्हणजे एका रनरच्या जागी दोन रनर शेजारी शेजारी लावायचे. मग एक चाकोरीत पडला तरी दुसरा बाहेर धरून राहतो आणि मशीन आपली रेघ सोडत नाही. या जोड रनरच्या धारेला कार्बाइड, म्हणजे अतिशय कठीण धातू, बसवलेलं असतं, त्यामुळे ते बर्फात रुततात आणि वळताना मशीन धरतात.

उपासनींनी जोड रनरचा सेट कॅनडाहून मागवला आणि मला फोन केला, "सिप्रियन, तुझ्याशिवाय हे कोण करणार?" मी आठवड्याची रजा टाकून आलो. कामाचे पैसे घेतले नाहीत, मागितले नाहीत. मुलगी तिथे होती, तेवढंच तिच्या जवळ राहता येईल असा विचार केला.

सोमवार दि. १३ ते गुरुवार दि. १६ या चार दिवसांत मी केलेलं काम खालीलप्रमाणे. मशीनचं तोंड लाकडी ठोकळ्यांवर उचललं. दोन्ही स्की उतरवल्या. जुने रनर झिजून मधोमध चपटे झाले होते, ते काढले. नवीन रनरचे बोल्ट स्कीच्या भोकांत बसत नव्हते, म्हणून भोकं मोठी न करता नवीन पाडली. मोठं भोक पुढे ढिलं होतं, हे मी पंचवीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये थोबाडीत खाऊन शिकलेलो आहे. नट नवीन, वॉशर नवीन. स्कीच्या वरचा रबरी ठोकळा एका बाजूने खचला होता, त्याखाली पॅकिंग दिलं. मग स्कीची तोंडं पाव इंच बाहेरच्या अंगाला ठेवून स्टिअरिंग लाइनमध्ये घेतलं. दोन्ही बाजू सारख्या.

या चार दिवसांत उपासनी रोज दोनदा शेडमध्ये यायचे, खिशात हात घालून उभे राहायचे. बुधवारी म्हणाले, "तोंडं आत घे, बाहेर नको. थिअरीने आतच पाहिजेत." मी म्हटलं, "थिअरी तुमच्याकडे ठेवा, मशीन माझ्याकडे द्या." त्यांना राग आला. येऊ दे.

गुरुवारी दुपारी मी मशीन पक्क्या वाटेवर काढली, तीन फेऱ्या मारल्या. एकही झटका नाही. मग उपासनींनी स्वतः फेरी मारली. खाली उतरून लॉजच्या मॅनेजरसमोर म्हणाले, "वा! रुळावर चालल्यासारखी चालते." हे शब्द त्यांचे आहेत, मॅनेजरला विचारा. शुक्रवारी सकाळी मी सगळे नट पुन्हा आवळले. पहिल्या फेरीनंतर ते थोडे बसतात, पुन्हा आवळावेच लागतात. एकही नट ढिला नव्हता, आणि कालही ढिला नव्हता. सार्जंटांनी माझ्यासमोर स्पॅनर लावून पाहिला, एकही हलला नाही. तरी उपासनींच्या जबाबात लिहिलंय की फिटिंग सदोष होतं. नाचता येईना अंगण वाकडं.

आता पाइपबद्दल. सार्जंटांनी मला हिरव्या रंगाचे बागेच्या पाण्याच्या पाइपचे दोन तुकडे दाखवले, लांबी दीड फूट, मधून उभे चिरलेले, दोरीसह. ते मी ओळखतो. मीच कापले. असे चार आहेत. शेडची जमीन काँक्रीटची आहे, आणि कार्बाइडची धार काँक्रीटवर घासली तर एका दिवसात मरते. म्हणून मशीन शेडमध्ये असताना प्रत्येक रनरच्या धारेवर पाइप चढवायचा आणि दोरीने स्कीला बांधायचा. बर्फावर जाताना काढायचा. पाइप तसाच राहिला तर धार बर्फाला लागतच नाही. मशीन सरळ जाते, पण हँडल कितीही फिरवा, वळत नाही.

हे मी उपासनींना शुक्रवारी, निघायच्या आधी, दोनदा सांगितलं. वाकून दाखवलं. ते घड्याळ बघत "हो हो, कळलं, मी इंजिनीअर आहे" म्हणाले. मी चारही तुकडे काढून शेडच्या खिळ्याला टांगले आणि दोन वाजता सिडनीला निघालो. त्या वेळी मशीन बाहेर बर्फात उभी होती.

रविवार दि. १९ रोजी सकाळी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते सांगणार नाही. सार्जंटांनी सांगितलं ते एवढंच की, सकाळी सव्वासातला उपासनींनी मशीन शेडमधून काढली. नॅन्सी मागे बसली होती. तिला खाली कार पार्कला जाऊन आठची बस धरायची होती, सोमवारी युनीत असाइनमेंट द्यायची होती. ओढ्याच्या वरच्या पहिल्याच वळणावर मशीन वळली नाही. सरळ गेली आणि झाडावर आदळली. उपासनींना कपाळाला चार टाके पडले. नॅन्सीचं कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं, प्लीहा काढून टाकावी लागली. रविवारपासून ती शुद्धीवर नाही. उजव्या स्कीला पाइपचे दोन्ही तुकडे बांधलेले सापडले. डाव्या स्कीचे दोन वाटेत निसटून पडलेले होते.

सार्जंट विचारतात की, शुक्रवारी मी काढलेले पाइप पुन्हा कोणी बांधले असावेत.

मी सांगतो. उपासनींनी. त्यांची गाडी जाऊन बघा. सात वर्षं झाली घेतल्याला, सीटवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. उन्हाळ्यात बसलं की पाठ चिकटते, तरी काढत नाहीत. घरातल्या टीव्हीला झालर लावलेलं कापड आहे. 'नवीन आहे, जपून वापरू', हे आमच्या लोकांचं सगळ्यांचंच आहे. माझ्याही घरी लग्नातला डिनर सेट अजून कपाटात आहे, खोटं कशाला बोलू. पण डिनर सेटने कोणाची कंबर मोडत नाही. कॅनडाहून आलेले नवेकोरे रनर, धार झिजेल, मग क्लबच्या मीटिंगमध्ये उत्तर द्यावं लागेल, म्हणून या माणसाने धारेवर पाइप चढवले आणि तसेच ठेवून मशीन बर्फावर नेली. आणि वर माझ्या नावाने लिहून दिलं! चोराच्या उलट्या बोंबा.

त्यांचा जबाब मला काल वाचून दाखवला. त्यात एक वाक्य आहे की, तुस्कानो हा अनुभवी माणूस असला तरी बर्फाच्या मशीनवर त्याने पूर्वी काम केलेलं नव्हतं, आणि अपघात त्याच्या कामामुळे झाला. म्हणजे माझ्या हाताने माझी मुलगी मोडली, असं त्यांनी सही करून दिलं आहे. फिलोमिनाने ते वाक्य ऐकलं. तिने फक्त माझ्या हातांकडे बघितलं. हे एवढं पुसण्यासाठी मी आज इथे आलो आहे. नोकरी, लायसन्स, कोर्ट, जे व्हायचं ते होऊ दे. माझ्या बायकोने माझ्या हातांकडे तसं बघितलेलं मला चालणार नाही.

काल हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उपासनी आले होते. हातात द्राक्षं. म्हणाले, "सिप्रियन, आपण दोघांनीही शांत राहायला हवं." मी म्हटलं, "तुमचे चार टाके शांत राहू शकतात. माझी पोरगी, माझी बाय आत पडली आहे." त्यांनी खांद्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला. मी तो झटकला. द्राक्षं खाली पडली. त्यांना मी मारलं असं कोणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मारायचं मनात होतं.

सार्जंट विचारतात की, उपासनींनी पाइप बांधताना कोणी पाहिलं का. नाही. मी तर्काने सांगतो. पण ठामपणे सांगतो. 'आय थिंक' लिहू नका.

(दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी हॉस्पिटलमधून सार्जंट हॅलोरन यांना फोन आल्याने लेखन थांबवले. ३ वाजून ५५ मिनिटांनी पुन्हा सुरू. — चि. द.)

मी, सिप्रियन तुस्कानो, पुढे सांगतो की,

नॅन्सी आज दुपारी अडीच वाजता शुद्धीवर आली. आईला ओळखलं. पाणी मागितलं. पायाची बोटं हलवून दाखवली. जेजू ख्रिस्ताचे उपकार.

तिच्याजवळ बसलेल्या महिला कॉन्स्टेबलने तिला दोन-तीन प्रश्न विचारले. त्यांचं उत्तर सार्जंटांनी मला फोननंतर सांगितलं. मी ते त्यांना तीनदा सांगायला लावलं. चित्राबाईंनी मराठीत एकदा सांगितलं. ते असं की, शनिवारी संध्याकाळी पाचला मॅनेजरने नॅन्सीला मशीन शेडमध्ये आत घ्यायला सांगितली. तिने घेतली. खिळ्यावरचे पाइप काढले, चारही रनरवर चढवले आणि बांधले. रविवारी सकाळी उपासनी स्वतःच मशीन दारात घेऊन आले, ती बॅग घेऊन मागे बसली. पाइप निघाले आहेत की नाहीत हा विचार तिच्या डोक्यात आला नाही. तिला अजूनही माहीत नाही की मशीन वळली नाही ती पाइपमुळे. तिला वाटतं, उपासनींनी वेगात घेतली.

आणि तिने माझ्यासाठी निरोप ठेवला. कॉन्स्टेबलने तो शब्दशः लिहून घेतला आहे. "टेल डॅडी आय पुट ऑल फोर ऑन. धार काँक्रीटला लागू दिली नाही."

शेवटचं वाक्य ती मराठीत बोलली. कॉन्स्टेबलला कळलं नाही, फिलोमिनाने सांगितलं.

म्हणून मी खालील दुरुस्ती करतो. पाइप उपासनींनी बांधले हे मी वर ठामपणे सांगितलं, ते खोटं निघालं. ते मी मागे घेतो. त्यांच्या गाडीच्या सीटबद्दल जे सांगितलं त्याचा या अपघाताशी संबंध नाही. सार्जंट म्हणतात, लिहिलेलं खोडता येत नाही, खाली दुरुस्ती लिहिता येते. मग वरचं राहू दे. माझं थोबाड कसं आहे ते सगळ्यांना दिसू दे.

एक मात्र मागे घेत नाही. मशीन बर्फावर नेणाऱ्याने वाकून स्कीखाली बघायचं असतं. हिरवा पाइप, वर पांढरी दोरी. ते वाकले नाहीत. मी दोनदा सांगितलं होतं. हे जसं आहे तसं ठेवा.

सार्जंट विचारतात की, पाइप चढवायला नॅन्सीला कोणी सांगितलं.

मी सांगितलं. शुक्रवारी निघताना तिला किचनच्या दाराशी बोलावलं आणि म्हटलं, "बाय, हे लोक बेफिकीर आहेत. मशीन आत आली की पाइप घालतात की नाही बघत जा. नाही घातले तर तू घाल. धार काँक्रीटला लागता कामा नये." तीनदा म्हटलं. ती हसली, म्हणाली, "येस डॅडी, नो वरीज." शेवटच्या वेळी मी ओरडून म्हटलं, कारण ती हसत होती.

बाहेर जाताना काढायचे, हे मी तिला सांगितलं नाही. ते उपासनींना सांगितलं होतं. मुलगी मशीन बाहेर नेणार नाही, मग तिला कशाला सांगायचं, असं मला वाटलं. धार वाचवायची गोष्ट तीनदा सांगितली आणि माणूस वाचवायची एकदाही नाही. काम पंचवीस वर्षं केलं, पण हे मला सुचलं नाही.

फिटिंग निर्दोष आहे. तेही मागे घेत नाही.

नॅन्सीवर काही ठपका येतो का, असं मी सार्जंटांना विचारलं. त्यांनी सांगितलं की येत नाही. ते मी इथे लिहून घ्यायला लावलं आहे. उपासनींवर आणि माझ्यावर काय यायचं ते येईल. अपघात माझ्या कामामुळे झाला, हे आपल्या जबाबातलं वाक्य उपासनींनी बदलायची गरज नाही.

माझी एक विनंती आहे. पाइपमुळे झालं हे नॅन्सीला कोणीही सांगू नये. पोलिसांनी नाही, नर्सने नाही, उपासनींनी तर अजिबात नाही. उपासनींना हे सांगायला मी स्वतः जाईन, आणि या वेळी हात झटकणार नाही.

मी आता इथून हॉस्पिटलला जाणार आहे. ती निरोपाचं विचारेल. मी तिला म्हणणार आहे, "चारही घातलेस ना, शाबास गं बाय." मी आज इथे लिहून दिलं त्याच्या हे विरुद्ध जातं, हे मला कळतं. त्यासाठी पुन्हा बोलावलं तर येईन.

वरील जबाब चित्राबाई दळवी यांनी मला मराठीतून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. आधीचा भाग ऐकताना मला लाज वाटली, तरी तो मी बोललो तसाच आहे. दुरुस्तीसह सगळं खरं आहे. कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. पहिली सही ओळीबाहेर गेली म्हणून ती दोनदा केली आहे, दोन्ही माझ्याच आहेत.

सही/- सि. पा. तुस्कानो
सही/- सि. पा. तुस्कानो

समक्ष : सार्जंट हॅलोरन. संध्याकाळी ४ वाजून ४० मिनिटे.